बर्फाच्या पाठचा कागद

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे आहेत, हे सांगायला मला विचार करावा लागत नाही. आमच्या तालुक्याच्या गावात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईंचे. वडील पिठाच्या गिरणीवर कामाला होते, आई घरोघरी जाऊन पापड-कुरडया करून द्यायची, आणि पदवी म्हणजे नेमकं काय हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. बाईंनी कॉलेजचा अर्ज आणला, मला समोर बसवून भरून घेतला आणि वसतिगृहात जागा मिळेपर्यंत पुण्यात आपल्या भावाच्या घरी ठेवलं. आज मी जपानमध्ये कावासाकीच्या एका प्रयोगशाळेत काम करतो. मी बाईंना वर्षातून दोन-तीन पत्रं लिहितो, आणि तीही कागदावर, कारण मोबाइलवरची अक्षरं त्यांच्या डोळ्यांना त्रास देतात. गेल्या हिवाळ्यात एक पत्र लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. ते का, ते सांगतो.

आम्ही टोकियोच्या एदोगावा भागात राहतो. शनिवारी सकाळी वस्तीतल्या सार्वजनिक सभागृहात परदेशी लोकांसाठी जपानीचा वर्ग भरतो. शिकवणारे सगळे स्वयंसेवक, बहुतेक निवृत्त. माझ्या वाट्याला आलेल्या शिक्षिका चौऱ्याऐंशी वर्षांच्या होत्या. समोर मी त्यांच्या आडनावाला आदराचं ‘सान’ लावून बोलायचो, पण घरी मी आणि बायको त्यांना आजी म्हणत असू. आजी चूक सोडत नसत. मी वाक्य अर्धवट सोडलं तर पेन्सिल टेबलावर आडवी ठेवायच्या आणि पुरं होईपर्यंत उचलायच्या नाहीत.

एकदा आपल्या कामाची माहिती सांगायचा धडा होता. मी सिरॅमिकच्या पातळ चकत्यांवर एक्स-रे सोडून त्यात कोणती मूलद्रव्यं आहेत ते पाहतो, हे वाक्य आजींनी माझ्याकडून चार वेळा म्हणवून घेतलं. पाचव्या वेळी त्यांनी मला मध्येच थांबवलं आणि विचारलं, ते यंत्र कागदावर चालतं का?

त्यांच्याकडे एक जुनं चित्र होतं. बर्फातल्या डोंगराचं, शाईने काढलेलं, गुंडाळून पेटीत ठेवायचं. सतराव्या शतकातलं असावं असं म्हणत, पण त्यावर चित्रकाराची सही नव्हती आणि शिक्काही नव्हता. आजींचं भाड्याचं घर वसंतात पाडणार होते आणि त्या वृद्धाश्रमात राहायला जाणार होत्या. तिथल्या खोलीत पलंग, कपाट आणि एक खुर्ची. मूलबाळ नाही. शेजारच्या भागातल्या एका लहान संग्रहालयाला त्यांनी ते चित्र देऊ केलं होतं. तिथल्या जाणकारांना फोटोंवरून कुंचल्याची धाटणी जुनी वाटली होती, पण निनावी चित्रांच्या मागाहून केलेल्या नकला फार असतात, म्हणून त्यांनी अट घातली होती: चित्रात आधुनिक रंग नाही हे कुणीतरी मोजून दाखवावं. नाहीतर त्यांना ते घेता येणार नव्हतं, आणि आजींकडे ते ठेवायला दुसरी जागा नव्हती.

आमच्या विभागप्रमुखांनी एका दुपारची परवानगी दिली. आजी ट्रेन बदलत कावासाकीला आल्या. पेटी जांभळ्या कापडात बांधलेली, आणि सबंध प्रवासात ती मांडीवर ठेवल्याचं त्यांनी सांगितलं. संग्रहालयातले एक तरुण अधिकारी सोबत आले होते. चित्र उलगडलं. हातभर रुंद, कमरेएवढं उंच. वर डोंगर, खाली गोठलेली नदी, नदीवर लाकडी पूल आणि पुलावर गवताचं इरलं पांघरलेला एक माणूस, पाठीवर मोळी. आभाळ पातळ शाईने करडं केलेलं, आणि डोंगर, झाडं, छप्पर यांवर बर्फ. चित्रातलं मला फारसं कळत नाही, पण तो माणूस पुलाच्या मधोमध थांबल्यासारखा वाटत होता. पुढे जावं की मागे फिरावं, हे न ठरल्यासारखा.

माझं लक्ष मात्र पेटीच्या झाकणाकडे गेलं. अशा पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चित्राची हकिकत लिहिलेली असते, हे त्या अधिकाऱ्यांनीच मला आल्या आल्या सांगितलं होतं. आजींनी झाकण उघडलं, आतली बाजू स्वतःकडे धरली, आणि मग ते कापडाखाली पालथं ठेवून त्यावर हात ठेवला. अधिकाऱ्यांना ते मागून घ्यायची भीड वाटली असावी. मी विचारलं, हे चित्र नव्या कागद-कापडावर शेवटचं केव्हा बसवलं? अशी चित्रं शंभरेक वर्षांनी पाठचा कागद सोडवून पुन्हा नव्याने बसवतात. आजी म्हणाल्या, फार पूर्वी, जरा... आणि वाक्य तिथेच सोडून दिलं. माझं एकही अर्धवट वाक्य चालवून न घेणारी बाई स्वतःचं वाक्य मध्येच टाकते, हे मला खटकलं.

मग मी यंत्र बर्फावर धरलं. पहिल्याच ठिकाणी टायटॅनियम. टायटॅनियमचा पांढरा रंग विसाव्या शतकात आला. सतराव्या शतकातल्या माणसाला तो मिळणं शक्य नाही. मी बर्फाच्या आणखी पाच जागा मोजल्या. डोंगरमाथा, झाडाची फांदी, झोपडीचं छप्पर, नदीचा काठ, पुलाचा कठडा. सहाही ठिकाणी टायटॅनियम. मी आजींकडे पाहिलं. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या, झाकणावरच्या आपल्या हाताकडे पाहत होत्या.

घरी आल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. ती पुण्यात वाढलेली आहे आणि माझ्या संशयी स्वभावाची तिला चांगली ओळख आहे.

"तू दुकानातल्या दह्याची तारीख दोनदा वाचतोस," ती म्हणाली, "आणि तरी मागच्या रांगेतला डबा काढतोस. तुला त्या आजी चोर वाटल्या तर नवल काय?"

मी म्हटलं, दह्याचं सोड. टोकियोत इतके तज्ज्ञ असताना त्यांनी मलाच का निवडावं? ज्याला जुन्या चित्रातलं काही कळत नाही, जो परदेशी आहे, आणि ज्याला त्या फुकट शिकवतात. उपकाराखालचा माणूस नाही म्हणू शकत नाही, हे माझ्यापेक्षा जास्त कुणाला माहीत असणार?

"मग तुझ्या बाईंनीही तुला पुढेमागे वापरायला म्हणूनच शिकवलं असेल," ती भाजी परतत म्हणाली. मी ताटं घेतली.

पण एकदा संशय घरात शिरला की तो खुर्ची ओढून बसतो. आजींच्या जुन्या बोलण्याचेही मला नवे अर्थ लागू लागले. मागच्या उन्हाळ्यात त्यांनी आमच्यासाठी काकड्या आणल्या होत्या, तो काय नुसताच चांगुलपणा होता? त्यांचे यजमान चित्रं कागद-कापडावर बसवून देणारे कारागीर होते, असं त्या एकदा बोलल्या होत्या. नकली चित्र जुनं करून दाखवायला याहून सोयीचा धंदा कोणता? त्याच आठवड्यात स्टेशनबाहेर पोलिसाने माझी सायकल थांबवून तिचा नोंदणी क्रमांक तपासला. तसं महिन्या-दोन महिन्यांतून होतंच, आणि तो नम्रपणे बोलतो, पण दर वेळी मला वाटतं की आपल्याकडचा कागद आपल्याआधी पुढे करावा लागतो. त्या दिवशी मनात आलं, मला सगळीकडे तपासतात, मग मी कुणाला का तपासू नये?

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी त्या अधिकाऱ्यांना ईमेल पाठवला. बर्फाच्या सहा जागी टायटॅनियम आहे, त्यामुळे पांढरा रंग विसाव्या शतकातला असण्याची शक्यता दाट वाटते, सविस्तर अहवाल मागून पाठवतो. ईमेल पाठवताना मला अभिमान वाटला होता, हे इथे लिहायलाच हवं. भीड न बाळगता खरं सांगितल्याचा अभिमान.

आठवड्याने संग्रहालयाचं पत्र आजींना गेलं. अतिशय सभ्य भाषेत, यावेळी त्यांना हे दान स्वीकारता येत नाही असं. ही गोष्ट मला आजींनी नव्हे, त्या अधिकाऱ्यांनी कळवली. शनिवारी मी वर्गाला जावं की नाही या विचारात होतो. गेलो. आजी नेहमीच्या जागी बसल्या होत्या. त्यांनी मला दोन संत्री दिली, मागच्या धड्यातल्या चुका दाखवल्या, आणि चित्राबद्दल चकार शब्द काढला नाही. रागवल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांच्या गप्प राहण्याचाही मी हिशेब मांडला: पकडलं गेलेलं माणूस असंच वागतं.

अहवाल लिहायचा म्हणून मी आकडे छापून टेबलावर ठेवले होते. आमच्याकडे निवृत्तीनंतर पुन्हा कामावर घेतलेले एक तंत्रज्ञ आहेत. चाळीस वर्षं याच यंत्रांवर काढलेली, बोलणं मोजकं. ते चहा घेऊन जाता जाता थांबले, सहाही आलेख एकाखाली एक लावले आणि म्हणाले,

"बर्फ नाही तिथलं कुठे आहे?"

मी म्हटलं, बर्फाचाच प्रश्न होता, म्हणून बर्फच मोजला. त्यांनी चहा टेबलावर ठेवला. यंत्रात साठवलेल्या नोंदी उघडून ते मागे मागे जात राहिले. सहा मोजण्यांच्या आधी सातवी एक होती. यंत्र नीट चालतंय ना हे पाहायला मी सुरुवातीला चित्राबाहेरच्या रेशमी पट्टीवर ते एकदा दाबलं होतं आणि विसरून गेलो होतो. तिथे ना बर्फ, ना चित्र. आणि तिथेही टायटॅनियम होतं, साधारण तेवढंच.

मग त्यांनी मला मी काढलेले मोठ्या भिंगाचे फोटो दाखवायला सांगितले. बर्फाच्या जागी फक्त कागदाचे तंतू होते, उघडे. रंगाचा एक कण नाही. त्या चित्रात बर्फ कुणी रंगवलाच नव्हता. भोवतीचं आभाळ करडं करून कागद तेवढा कोरा सोडला होता, तोच बर्फ. आणि एक्स-रे काही कागदावर थांबत नाहीत. पातळ कागदातून ते आरपार जातात आणि त्याच्या पाठीला जे चिकटवलेलं असेल तेही सांगतात. टायटॅनियम पाठच्या कागदात होतं, आणि तोच कागद रेशमी पट्टीच्याही पाठीला होता.

मला बाईंची प्रयोगशाळा आठवली. आमच्याकडे बारावीच्या प्रॅक्टिकलला दिलेला क्षार ओळखायचा असतो. वहीत तीन रकाने: कृती, निरीक्षण, अनुमान. परीक्षेत क्षार कोणता आलाय याची कुजबुज बाहेरून आधीच आत येते. मग पोरं पहिल्यांदा अनुमान लिहून टाकतात, आणि त्याला शोभेल असं निरीक्षण मागून भरतात. परीक्षानळी हातात धरायचीही गरज पडत नाही. बाईंना ते ओळखू यायचं, कारण अनुमानाची शाई आधी वाळलेली असायची. त्या वही फेकत नसत. शांतपणे पुढ्यात ठेवून म्हणायच्या, आता पहिल्या रकान्यापासून. जपानमध्ये, एवढ्या भारी यंत्राजवळ बसून मी तेच केलं होतं. झाकणावरचा हात पाहिला तेव्हाच माझं अनुमान लिहून झालं होतं.

त्या रविवारी सकाळी मी आजींच्या घरी गेलो. घर अर्धं आवरलेलं होतं, खोकी भिंतीला लावलेली. मी गुडघ्यांवर बसून, तयार करून नेलेल्या वाक्यांत माफी मागितली. माझी मोजणी अपुरी होती, बर्फ कोरा कागद आहे, दोष पाठच्या कागदात आहे, चित्र पुन्हा नीट मोजू द्या, संग्रहालयाला मी स्वतः लिहितो. मला वाटलं होतं त्यांचा चेहरा खुलेल. पण पाठचा कागद म्हटल्यावर तो आणखीच मिटला. त्या उठल्या, पेटी आणली, आणि झाकण उलटं करून माझ्यासमोर ठेवलं.

ते वळणदार अक्षर मला वाचता येईना. त्यांनी बोट ठेवून वाचून दाखवलं.

"पाठ बसवण्याचं काम शिष्याने एकट्याने केलं. दोष नाही."

लिहिणारे त्यांच्या यजमानांचे गुरू होते, चित्र तेव्हा त्यांचंच होतं. शिष्य म्हणजे यजमान. पुढची हकिकत आजींनी हळूहळू, सोप्या शब्दांत सांगितली, अधूनमधून मला कळतंय ना हे पाहत. शिकाऊपणाची वर्षं संपताना गुरूंनी हे चित्र त्यांच्या हाती दिलं, सगळं एकट्याने करायला. पाठीला लावायचा कागद डोंगरातल्या एका गावाहून येई, हाताने केलेला. त्यातले शेवटचे ताव त्यांच्या हातून खळीच्या पाण्यात पडून वाया गेले. सांगायचं धाडस झालं नाही. त्यांनी बाजारातला गिरणीचा पांढरा कागद आणला आणि शेवटचा थर त्याचा लावला. टायटॅनियम त्या पांढरेपणातलं. त्या धंद्यात हे अक्षम्य. गुरूंची दृष्टी तोवर मंदावली होती. त्यांनी पाठीवरून हात फिरवला आणि झाकणावर दोष नाही असं लिहून दिलं. पुढे लग्नात तेच चित्र त्यांनी शिष्याला भेट दिलं. दर जानेवारीत चित्र भिंतीवर लागायचं, आणि यजमान म्हणायचे, यंदा सोडवून नीट करतो. केलं नाही. सोडवलं असतं तर गुरूंचं लिहिणं खोटं ठरलं असतं.

म्हणून आजींना झाकण दाखवायचं नव्हतं. चित्र खोटं आहे याची भीती त्यांना कधीच नव्हती. यंत्र पाठीपर्यंत पोचतं हे त्यांना माहीत नव्हतं, पण जाणकार माणसाने झाकण वाचलं तर तो पाठ तपासायला बसेल, आणि नवऱ्याची ती एक गोष्ट बाहेर येईल, ही भीती होती. आणि मला निवडलं ते मी कागदाच्या धंद्यातला नाही म्हणून.

टायटॅनियम कुठून आलं हे लिहिल्याशिवाय माझा अहवाल उभा राहणार नव्हता. आणि ते लिहिलं की झाकणावरचं वाक्य खोटं पडणार. मी म्हटलं, झाकण तुमच्याकडेच ठेवा, घर आवरताना ते हरवलं म्हणून सांगता येईल. आजींनी झाकण पुन्हा पेटीवर बसवलं. पुढच्या शनिवारपर्यंत थांबा, एवढंच म्हणाल्या. परतताना ट्रेनमध्ये माझ्या लक्षात आलं की खोटं बोलायचं आम्हा दोघांत मीच सुचवलं होतं.

त्यानंतर दोन आठवड्यांनी मी बाईंना लिहिलेलं पत्र हे:

आदरणीय बाई,

तुमच्या गुडघ्यांचं ऐकलं. इथून तेल पाठवतोय, डॉक्टरांना विचारूनच लावा. इकडे थंडी आहे पण आमच्या भागात बर्फ पडत नाही, बर्फ मी फक्त चित्रात पाहिला.

ते चित्र ज्यांचं, त्या आजींबद्दल तुम्हाला मागे लिहिलं होतं. त्यांच्यावर मी खोटेपणाचा संशय घेतला, आणि पुरतं न तपासता ते लिहून पाठवलंही. वही कशी भरली होती ते सांगत नाही, तुम्ही ओळखाल. चूक उलगडली तेव्हा असं निघालं की पाठच्या कागदात खोट आहे, ती त्यांच्या यजमानांच्या हातची, आणि गुरूंनी मात्र दोष नाही असं लिहून ठेवलंय. मी त्यांना पेटीचं झाकण लपवून ठेवा असं सुचवलं. हे तुम्हाला सांगायची लाज वाटते, पण दुसऱ्या कुणाकडून कळण्यासारखं नाही म्हणून मीच सांगतो.

पुढच्या शनिवारी आजी वर्गाला आल्या. वही उघडायच्या आधी म्हणाल्या, "आजवर मी तुमची एक तरी चूक झाकली आहे का? सगळं लिहा. फक्त तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते, हेही लिहा."

आमच्या अहवालात वयाला रकाना नसतो. मी केला. चित्र पुन्हा मोजलं, यावेळी बर्फावर, आभाळावर, शाईवर, कापडावर, आणि शेवटी पाठीवर. मग लिहिलं की चित्रात स्वतः आधुनिक असं काही सापडलं नाही, ते किती जुनं हे माझं यंत्र सांगू शकत नाही, आणि माझा आधीचा निष्कर्ष चुकीचा होता. ते शेवटचं वाक्य मी पहिल्या पानावर घातलं. पाठच्या कागदाची हकिकत आजींनी सांगितली तशी, एकोणीस वर्षांच्या वयासकट.

संग्रहालयाने चित्र घेतलं, झाकणासकट. चित्रकाराच्या नावाच्या जागी अज्ञात असं येईल आणि पाठ बसवणाऱ्याच्या जागी यजमानांचं नाव. ते अधिकारी आजींना म्हणाले की या चित्राच्या नोंदीत आता एवढंच एक नाव आहे. आजींनी मान लववली. त्यांना बरं वाटलं की वाईट, ते मला कळलं नाही, आणि यावेळी मी काही ठरवलं नाही.

मंगळवारी संग्रहालयाचे लोक चित्र न्यायला येणार आहेत. तोवर आजींनी ते रिकाम्या खोलीत भिंतीला लावलंय. उतरवून गुंडाळायला मला बोलावलंय, कारण त्यांचा हात आता खांद्याच्या वर जात नाही. हात धुऊन पूर्ण कोरडे करून या, आणि घाई असेल तर येऊ नका, असं बजावलंय. मी त्या दिवसाची रजा टाकली आहे.

तुमचा विद्यार्थी